सुजाता, तुझं तोंड बघायचं राहिलं

तुझ्या शोकसभेत मी खोटं बोलले, सुजाता.

आपल्या डेंटल कॉलेजच्या सेमिनार हॉलमध्ये टेबलावर तुझा फोटो होता, त्याला शेवंतीचा हार होता. आधी डीन सर बोलले. मग तुझ्या विद्यार्थिनी बोलल्या आणि बोलता बोलता रडल्या. मग माईकवरून कुणीतरी म्हणालं, आता त्यांच्या जिवाभावाच्या मैत्रीण, डॉक्टर गिरिजा. मी उठले आणि सांगितलं की सुजाता दिलखुलास हसायची. समोरच्या माना हलल्या. गेलेल्या माणसाबद्दल असंच बोलतात आणि लोकही असंच ऐकतात. आणखी दोन-चार वाक्यं बोलले असेन, ती आता आठवत नाहीत. खाली येऊन बसले तेव्हा शेजारच्या बाईंनी माझा हात दाबला.

तू दिलखुलास कधीच हसली नाहीस. हसू आधी तुझ्या डोळ्यांत यायचं आणि ओठांपर्यंत पोचायच्या आत हात वर यायचा. साडी असली की पदर, ओढणी असली की ओढणी. कोरोना सरला, आम्ही सगळ्यांनी मास्क काढले, तू ठेवलास. धुळीची अ‍ॅलर्जी आहे म्हणालीस. आम्ही तुला त्यावरून चिडवायचो, आणि चिडवलं की तू मास्कच्या आतल्या आत हसायचीस. टेबलावरचा तो फोटोही जुना होता, त्यातही तुझे ओठ मिटलेले होते. इतकी वर्षं बरोबर काम करूनही तुझे दात दिसतील असा एकही फोटो आम्हाला सापडला नाही, आणि त्याचं कुणाला नवलही वाटलं नाही.

मला मात्र तोवर कळलेलं होतं. हॉलमध्ये ते सांगण्यासारखं नव्हतं. म्हणून इथं, तुझ्याशी.

तुला दवाखान्यात नेलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अतिदक्षता विभागातल्या डॉक्टरांनी मला बाजूला बोलावलं. तुझ्या मेंदूत रक्तस्राव झालाय, शुद्ध येईल असं दिसत नाही, हे त्यांनी आदल्या दिवशीच सांगितलं होतं. मला वाटलं, आता शेवटचं काही सांगतात. ते म्हणाले, "मॅडम, श्वासाची नळी घालताना पेशंटचे खालचे पुढचे दात हलताना जाणवले. एखादा सुटून घशात गेला तर अवघड होईल. तुम्ही हिरड्यांच्याच डॉक्टर आहात, जरा बघून सांगता का?"

मी हातमोजे घातले. सिस्टरने दिवा धरला. ज्या ओठांवर कायम तुझा हात असायचा, ते ओठ मी बाजूला केले.

काय दिसलं ते तुला माहीत होतं, माझ्यापेक्षा आधी आणि माझ्यापेक्षा बरं. हिरड्या दातांवरून पार खाली उतरलेल्या. मुळं उघडी पडलेली. बोटाने जरा दाबलं की कडेने पू यायचा. हे महिन्या-दोन महिन्यांचं नव्हतं. वर्षानुवर्षं आतल्या आत हाड झिजत गेल्याशिवाय दात असे हलत नाहीत. एक दात तर मी धाग्याने शेजारच्या दाताला बांधून ठेवला. त्याला धरून ठेवेल असं हाडच उरलेलं नव्हतं.

सिस्टरने विचारलं, "मॅडम, यांना पायरियाचा त्रास जुना होता का?" मी म्हणाले, हो. जणू मला ते ठाऊक होतं. दुसरं काय सांगणार होते? रोज हिच्या शेजारी बसून डबा खाल्ला, आणि हे मला आज कळतंय, असं? बाहेरच्या बाकावर मी बराच वेळ हातमोजे न काढताच बसून होते. तू जगणार नाहीस याचं दुःख तेव्हा आलंच नाही. आली ती लाज. दुःख नंतर आलं, आणि लाजेने त्याला अजून नीट बसायला जागा दिलेली नाही.

नंतरचे दिवस तुझं तोंड मी दिवसातून दोनदा स्वच्छ करत होते. कापसाने, औषधाच्या पाण्याने, दातामागून दात. सिस्टर म्हणायच्या, मॅडम, आम्ही करतो. मी करू दिलं नाही. सगळ्यांना ती मैत्री वाटली.

आपल्या दोघींची मैत्री कुठून सुरू झाली ते आठवायचं म्हटलं की तो अभ्यासच समोर येतो. तू सार्वजनिक दंत आरोग्य विभागात, मी हिरड्यांच्या विभागात. तू गावोगाव शिबिरं घ्यायचीस आणि तिथून येऊन म्हणायचीस की शुगर असलेल्या माणसांच्या हिरड्या फार वाईट असतात, आणि हिरड्या वाईट असल्या की शुगरही आटोक्यात येत नाही असं दिसतं. मग हिरड्या बऱ्या केल्या तर साखर उतरेल का? परदेशात या प्रश्नावर बरंच काम झालंय, आपण आपल्या माणसांत करून बघू, असा तुझा हट्ट होता. कागल, शिरोळ, चंदगड इथल्या शिबिरांतून माणसं घेतली. कोण कुठल्या गटात जाणार ते बंद पाकिटांतल्या चिठ्ठ्या ठरवायच्या. एका गटाच्या हिरड्या आतपर्यंत लगेच साफ करायच्या. दुसऱ्या गटाला ब्रश कसा करायचा ते शिकवायचं, आणि ती खोल सफाई अभ्यास संपल्यावर द्यायची. मी फक्त मोजमाप घ्यायचं, कोण कुठल्या गटातलं ते मला कळता कामा नये. पाकिटं तुझ्याकडे. मी लाडीगोडी लावूनही तू कधी एक नाव फोडलं नाहीस.

शेवटी निकाल हातात आला. हिरड्या सुधारल्या होत्या. रक्त थांबलं होतं, सूज उतरली होती. साखर मात्र दोन्ही गटांत जवळपास सारखीच राहिली होती. मी हिरमुसले. तू आकडे पुन्हा तपासलेस, मग चष्मा काढून म्हणालीस, "आपल्या अभ्यासात फरक दिसला नाही. फरक नसतोच असं यावरून म्हणता येत नाही. पण आपल्याला दिसला नाही."

मी म्हणाले, लिहून टाकू आणि पुढच्या कामाला लागू. तू म्हणालीस, आधी त्या माणसांना सांगायला हवं.

"कुणी सांगत नाही गं असं," मी म्हणाले.

"त्यांनी तोंड उघडून दिलं आपल्याला. काय निघालं एवढं तरी त्यांना कळू दे."

तोंड उघडून दिलं. त्या वेळी मला हे तुझं नेहमीचं बोलणं वाटलं होतं. आज कळतं की तोंड उघडून देणं म्हणजे काय असतं ते तुझ्याइतकं आमच्यातल्या कुणालाच ठाऊक नव्हतं.

रविवारी रविवारी आपण माझ्या गाडीतून जात राहिलो. पहिला रविवार कागलचा. एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर, श्रीपतराव. त्यांनी खुर्च्या मांडल्या, चहा सांगितला, आणि तू सगळं समजावून सांगितल्यावर म्हणाले, "म्हंजे साखर काय उतरली न्हाय. आणि हे सांगायला दोघी गाडी घिऊन आलासा व्हय?" मग गल्लीत तोंड करून ओरडले, की ह्या डॉक्टरीणबाई बघा, औषध चाललं न्हाय म्हणून सांगायला आल्यात. दोघं-तिघं जमलेच. मला गाडीत जाऊन बसावंसं वाटत होतं. तू शांतपणे एकेकाच्या प्रश्नाला उत्तर देत होतीस. श्रीपतरावांनी शेवटी विचारलं, पण तोंडाचा वास गेला त्याचं काय? तू म्हणालीस, तो गेला, तो हिरड्यांचाच होता. ते म्हणाले, मग झालं की. आतून त्यांच्या बायकोचा आवाज आला, "तेवढं झालं म्हणून तर घरात घेतलंय."

तेव्हा तू हसलीस. हात होताच तोंडावर.

शिरोळकडची ती बाई मात्र हसण्यातली नव्हती. ऊसतोडीच्या हंगामात ट्रॅक्टर घरासमोरूनच जात होते, त्यांच्या आवाजात तिला ओरडून बोलावं लागत होतं. ती नंतर सफाई करायच्या गटातली होती. "माझं दात हालत हुतं तवा तुमी मला थांबवलं," ती म्हणाली. "आनि आता म्हणता फरक न्हाय. मग थांबवलं कशाला?" मी पुढे होऊन सांगू लागले, की दोन गट केल्याशिवाय खरं काय ते कळत नाही, तुमची सफाई नंतर केलीच की. तू माझ्या दंडाला हात लावलास आणि तिला म्हणालीस, तुमचं बरोबर आहे, तुम्हाला थांबवलं याचं मला वाईट वाटतं. बाई आणखी चिडली. पण चहा घेतल्याशिवाय तिने आपल्याला सोडलं नाही.

गाडीत मी तुझ्याशी भांडले. माफी कशासाठी मागायची? तिला सगळं वाचून दाखवलं होतं, तिने सही केली होती. तू खिडकीबाहेर बघत म्हणालीस, "सही केली म्हणजे कळलं होतं असं नाही." मी म्हणाले, तुला सगळं अंगावर ओढून घ्यायची सवय आहे. तुझं उत्तर मला तेव्हा त्या भांडणाचाच भाग वाटलं. "आम्हाला दुप्पट स्वच्छ असावं लागतं, गिरिजा."

मी ते संशोधनाबद्दल घेतलं. हिशोब चोख हवा, आकडे स्वच्छ हवेत, असं काहीतरी. पुढे विचारलंही नाही.

आणि मग चंदगड. काजूच्या कारखान्यात काम करणाऱ्या हौसाबाई. त्यांच्या घरापर्यंत गाडी जात नव्हती, चिखलातून चालत गेलो. त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या, पाय लुगड्याखाली घेतलेले. आपल्याला बघून त्यांना इतका आनंद झाला की तू बोलायच्या आधीच त्यांनी आ करून हिरड्या दाखवल्या. गुलाबी, घट्ट, मिसरीचा डागसुद्धा नाही. मी म्हणाले, वा! खोलीत एक वास होता. इतक्या वर्षांच्या सवयीने मी तो तोंडाशी जोडू पाहत होते आणि तो जुळत नव्हता. तू मात्र त्यांच्या पायांकडे बघत होतीस.

"गोळ्या चालू आहेत ना साखरेच्या?" तू विचारलंस.

"त्या कवाच सोडल्या," हौसाबाई म्हणाल्या. "तुमीच म्हणलासा की, हिरड्या बऱ्या झाल्या की साखर खाली येती. हिरड्या तर बऱ्या झाल्या."

तू खाली बसलीस आणि लुगडं जरा वर केलंस. अंगठ्याशेजारचं बोट काळं पडलं होतं, वर हळद दाबलेली. त्यांना दुखतही नव्हतं. जखम झाली कधी तेही त्यांना सांगता येईना.

त्यांना आणि त्यांच्या सुनेला गाडीत घालून आपण थेट कोल्हापूरला मोठ्या दवाखान्यात आणलं. बोट काढावं लागलं, पाऊल वाचलं. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर पाय गुडघ्यातून गेला असता. म्हणजे तू सांगायला जायचं ठरवलं नसतंस तर. माझ्या मताने चाललं असतं तर आपण तिकडे फिरकलोच नसतो. हे मी तुला त्या दिवशी म्हणाले नाही. नंतरही नाही.

त्या दवाखान्याच्या कँटीनमध्ये आपलं खरं भांडण झालं, जे आजवर संपलं नाही. आपण गोळ्या सोडा असं कधी म्हटलं नव्हतं, असं मी म्हणत होते. सोडू नका असंही म्हटलं नव्हतं, असं तू म्हणत होतीस. कागदावर लिहिलंय ते, वाचून दाखवलंय, मी म्हणाले. "वाचून दाखवणं म्हणजे सांगणं नव्हे," तू म्हणालीस. मग माझा आवाज चढला. माणसं काय ऐकतील याचीही जबाबदारी आपलीच असेल तर कुणी कुणावर उपचारच करू नयेत, असं मी तावातावाने बोलले, शेजारच्या टेबलावरची माणसं बघायला लागली. हौसाबाईंच्या सुनेने वाटेत ओंजळभर भाजलेले काजू दिले होते. मी रागारागाने माझे खाऊन टाकले. तू तुझे रुमालात बांधून पर्समध्ये ठेवलेस. घरी खाईन म्हणालीस.

चावता येत नव्हते तुला. एवढंच होतं ते. पेरू तू सुरीने पातळ काप करून खायचीस, भडंग पाण्यात भिजवून चमच्याने खायचीस, भाकरी आमटीत मोडायचीस. मी तुला म्हातारी म्हणायचे. हिरड्या मोजण्यावर पगार घेणारी बाई तुझ्यासमोर बसून हे बघायची आणि तुला म्हातारी म्हणायची.

तू लपवलंस याचा मी फार विचार केला. दवाखान्याच्या त्या बाकावर राग येत होता, की मला सांगितलं का नाहीस. एवढा विश्वास नव्हता? मग ते वाक्य आठवलं, दुप्पट स्वच्छ. त्यातला 'आम्हाला' हा शब्द मी इतकी वर्षं ऐकलाच नव्हता. माझ्या माहेरी, गडहिंग्लजला, कापडाचं दुकान. आई, आमची अव्वा, गिऱ्हाइकाशी मराठी बोलायची आणि आमच्याशी कन्नड. आमच्या स्वच्छतेवर कुणी कधी नजर ठेवली नाही. माझे दात किडले असते तर लोक म्हणाले असते, गिरिजाचे दात किडले. तुझे बिघडलेत म्हटल्यावर ते काय म्हणतील, आणि ते तुझ्या एकटीबद्दल नसेल, हे तू शाळेत असल्यापासून जाणून होतीस. तुझ्या बौद्धवाडीतली पहिली डॉक्टर. दातांची डॉक्टर. तू आमच्या विभागात पेशंट म्हणून खुर्चीत बसली असतीस तर भोवती माझे विद्यार्थी, हातात आरसे, कुणीतरी फोटो काढणार, कुणीतरी बाहेर जाऊन बोलणार. तू आयुष्यभर जी तोंडं मोजलीस, त्यांच्यातलं एक तोंड तुझं होतं, आणि ते मोजायला देण्याइतका आमच्यावर भरवसा ठेवायचं तुला काही कारण नव्हतं.

माझ्यावर ठेवणार होतीस बहुतेक. एका दुपारी, परीक्षेचे पेपर तपासताना, तू मान वर न करता विचारलं होतंस, ओळखीच्या माणसांची तोंडं बघतेस का गं तू? मी म्हणाले होते, नको बाई, ओळखीच्यांची फार लाज वाटते, त्यांनाही आणि मलाही. तू "हं" म्हणालीस आणि पुढचा पेपर घेतलास. आपण दोघी हसलो असू. नक्की आठवत नाही. मला ते वाक्य बोलायला एक क्षण लागला असेल, आणि ऐकून घ्यायला तुला किती जड गेलं असेल, कुणास ठाऊक.

एक गोष्ट मात्र तुला सांगायची आहे, आणि ती कृतज्ञतेची आहे, लाजेच्या आतून निघालेली असली तरी. त्या रविवारांनंतर पेशंटशी बोलायची माझी पद्धत बदलली. तुझ्या लक्षात आलं होतं का? मी आता समजावून सांगितलं की समोरच्याला विचारते, मी काय सांगितलं ते मला सांगा बघू. वेळ लागतो. बाहेर रांग कुरकुरते. पण लोक काय काय ऐकून बसलेले असतात ते कळतं. एका आजोबांनी मला सांगितलं होतं की डॉक्टरबाई म्हणाल्या, दात घासू नका, हिरड्या झिजतात. मी असं काही म्हटलं नव्हतं. पण त्यांनी तसं ऐकलं होतं, आणि मला तुझं कँटीनमधलं वाक्य आठवलं. त्या भांडणात तू बरोबर होतीस, सुजाता. हे तुझ्या कानांवर घालायचं होतं. रोज चहाच्या वेळी तू समोर असायचीस आणि रोज मला वाटायचं, सांगू की कधीतरी, घाई काय आहे.

परवा तुझ्या गावी गेलो, पुण्यानुमोदनाला. दारापुढे मंडप होता. भन्तेजींच्या मागून सगळे त्रिशरण म्हणत होते, पांढऱ्या कपड्यांतली माणसं उन्हात दाटीने बसली होती. जेवणं झाली, लोक पांगले. तुझी आई मागच्या दारी पाण्याच्या हौदापाशी बसली होती. मी जाऊन शेजारी बसले. त्यांनी पदर तोंडाशी धरला होता. मला वाटलं, रडतायत.

त्या म्हणाल्या, "तिचं त्वांड दुखायचं काय गं?"

मी त्यांच्याकडे वळले.

"सुट्टीला आली की भाकरी आमटीत कुस्करून खायची. मी इचारलं की म्हणायची, गिरिजा हाय की माझी, ती बघती." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "मला वाटलं, तुला म्हाईत असंल."

माझ्यावर ढकलून तू तुझ्या आईला गप्प केलं होतंस. माझं नाव तुझ्या घरात औषधासारखं होतं.

मला खोटं बोलता आलं असतं. एकदा बोलले होतेच, माईकवर. मी म्हणाले, "नाही आई. मला माहीत नव्हतं. मी कधी बघितलंच नाही. दवाखान्यात बघितलं, तेव्हा उशीर झाला होता."

आई हौदातल्या पाण्याकडे बघत राहिल्या. रागावतील असं वाटलं, आणि रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. पण त्या म्हणाल्या, "मीबी तिला कवा बघू दिलं न्हाय. पोरगी डाक्टर झाली तवापासनं म्हणायची, आई, दाखीव, आई, दाखीव. मी म्हणायची, न्हाय. पोरीफुडं कसलं उघडायचं. लाज वाटायची."

आणि त्यांनी पदर खाली घेतला. तोंडाच्या डाव्या बाजूला सूज होती, बाहेरून दिसण्यासारखी. मी विचारलं, कधीपासून? त्या म्हणाल्या, ती गेली तवापासनं जास्त हाय, पर आधीबी हुतीच.

मी उठून हौदाच्या तोटीखाली हात धुतले, दोनदा धुतले. परत येऊन त्यांच्यासमोर पायरीवर बसले. दुपारचं ऊन थेट त्यांच्या चेहऱ्यावर होतं, दुसऱ्या उजेडाची गरज नव्हती. त्यांनी घरात कुणी बघतंय का ते एकदा वळून पाहिलं. मग डोळे मिटले, सुजाता, आणि तोंड उघडलं.

बराच वेळ त्या तशाच बसून राहिल्या. मी बघत होते. एक दात, मग शेजारचा, मग त्याच्या शेजारचा. घाई केली नाही.